नादारीच्या वकीलबाई

"आधी सगळं लिहा. रडायचं ते मंग."

एवढं बोलून मॅडम कोरा कागद आणि पेन पक्षकारापुढे सरकवायच्या आणि आपली फिरती खुर्ची खिडकीकडे वळवायच्या. खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं. जालन्याच्या कोर्टासमोरची गल्ली, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस, समोर झेरॉक्सवाल्याच्या दुकानाचा पत्रा आणि त्या पत्र्यावर वाळत टाकलेली त्याची बनियन. समोरचा माणूस लिहीत असेपर्यंत मॅडम त्या बनियनकडे बघत बसायच्या. पंधरा मिनिटं लागोत नाहीतर दीड तास. मागे पेन थांबलं, नाक ओढल्याचा आवाज आला, तरी त्या वळत नसत.

मी त्यांचा मुन्शी. अर्ज टाइप करणं, तारखा सांभाळणं, पक्षकारांना पाणी देणं आणि मॅडम रागावल्या की जिन्यात जाऊन उभं राहणं, ही माझी कामं. सुरुवातीला मला वाटायचं, बाईंना लोकांची तोंडं बघायचा कंटाळा असावा. चार-सहा महिन्यांनी उमगलं. माणूस देवासमोर खोटं बोलतो, बायकोसमोर तर बोलतोच, पण आपलं देणं कुणी बघत असताना लिहायची वेळ आली की त्याचा हात आखडतो. नजर काढून घेतली की हात चालू लागतो. हे कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी ते रोज डोळ्यांनी पाहिलं आणि रोज मनातल्या मनात कान पकडले.

जालन्यात वकील रग्गड. कुणी जमिनीचे, कुणी फौजदारीचे, कुणी फारकतीचे. आमच्या मॅडम नादारीच्या. नादारी म्हणजे, ज्याच्याने देणं फिटणं शक्यच नाही अशा माणसानं कोर्टात जाऊन तसं कबूल करायचं, जे काही असेल ते कोर्टाच्या हवाली करायचं, त्यातून सगळ्या घेणेकऱ्यांना वाटणी मिळायची, आणि वागणूक सरळ दिसली तर कोर्ट त्या माणसाला उरलेल्यातून मोकळं करतं. कायदा शंभर वर्षांपूर्वीचा. बार रूममधल्या निम्म्या वकिलांना तो आहे हेच ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना त्यात फी दिसत नव्हती. ती नव्हतीच. नादार माणसाकडून फी काय घेणार? मॅडम टायपिंगचा आणि स्टँपचा खर्चा तेवढा घ्यायच्या, तोही माणूस बघून.

लोक जे विचारायचे ते ठरलेलं असायचं. जेलात टाकतील का? घर जाईल का? पोरीचं लग्न मोडेल का? मंठ्याचा एक किराणा दुकानदार तर घाम पुसत म्हणाला होता की मॅडम, गावातून धिंड काढतात का? मॅडमनी गंभीर तोंड करून मला विचारलं, "काय रे, आपल्याकडं गाढव हाय का शिल्लक?" दुकानदार आधी घाबरला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मॅडमनी त्याला शांतपणे सांगितलं, नुसतं देणं देता आलं नाही म्हणून कुणी जेलात जात नाही, लपवलं तर जातो. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची अवजारं, याला कोर्टसुद्धा हात लावत नाही. निवडणुकीला मात्र उभं राहता येणार नाही. त्यावर तो म्हणाला, ते बरंच झालं.

प्रत्येकाला त्या अर्ज करायला लावत असं मात्र नाही. दहातल्या सहांना त्या परत पाठवायच्या. बँकेत जा, तडजोडीचं बोल, हा कागद तुझ्या कामाचा नाही. आणि त्यांचा पहिला सवाल कधीच "देणं किती" असा नसायचा. "जामीन कोण हाय?" असा असायचा. कारण नादार सुटला तरी त्याचा जामीनदार सुटत नाही. बँक उद्या त्याच्या दारात जाते. ज्यानं मैत्रीखातर सही दिली त्याला हे पोस्टमनच्या हातून कळावं, हे मॅडमना मान्य नव्हतं. जामीनदाराला आणि घेणेकऱ्यांना पक्षकारानं आधी स्वतः जाऊन, स्वतःच्या तोंडानं सांगून यायचं, हा त्यांचा नियम. कायद्यात असं काही नाही. पण ते झाल्याशिवाय त्या अर्जावर सही करत नसत. पक्षकार गयावया करायचे, हवं तर फी डबल घ्या म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, "मी येते संगं. चल." आणि खरंच जायच्या. एसटीनं जायच्या, जीपमध्ये कोंबून घेऊन जायच्या. तिथं जाऊन बोलायच्या मात्र काही नाहीत. नुसत्या बाजूला बसायच्या.

एकदा एक न्हावी आला. त्यानं दोन महिने दुकान बंद ठेवलं होतं. कात्री, वस्तरे, मशीन सगळं पत्र्याच्या पेटीत घालून सासुरवाडीला लपवून ठेवलेलं, का तर जप्ती येईल. मॅडमनी दुसऱ्या दिवशी ती पेटी ऑफिसात आणायला लावली. मला म्हणाल्या, खुर्चीत बस. मी म्हणालो, मॅडम, परवाच कटिंग केलीय. त्या म्हणाल्या, बस म्हणून राह्यले ना. त्या माणसाचा हात आधी इतका थरथरत होता की माझा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला. पण कात्रीचा आवाज सुरू झाला तसा त्याचा हात स्थिरावला आणि शेवटी तर तो सवयीनं राजकारणावर बोलायला लागला. मॅडम त्याला म्हणाल्या, "ही तुझी अवजारं हायेत. याला कोणी हात लावीत न्हाई. जा, दुकान उघड." मी पुढचे तीन आठवडे टोपी घालून हिंडलो. कोर्टातले लोक हसले. मला त्याचं काही वाटलं नाही, हे खोटं आहे, वाटलं. पण त्या माणसाचं तोंड जिना उतरताना कसं होतं ते मी पाहिलं होतं.

आणखी एक नियम त्यांचा होता, आणि तो मी शंभर वेळा ऐकला होता. यादी लिहून झाली की त्या खुर्ची वळवायच्या, कागदावरून एकदा नजर फिरवायच्या आणि बँक, फायनान्स, व्यापारी अशी सगळी नावं असूनही कागद परत सरकवायच्या. "ज्या यादीत नात्यातलं कोणीच न्हाई, ती यादी खोटी." पक्षकार खाली बघायचा. मग मामाचे वीस हजार निघायचे, साडूचे चाळीस निघायचे.

हे सगळं शंभर वेळा ऐकलेला मी. आता माझं ऐका.

पगारात भागत नव्हतं म्हणून मी पाण्याच्या जारचा धंदा काढला. जालन्यात दुसरं काही विको न विको, पाणी विकतं, असा माझा हिशेब. बँकेचं कर्ज काढून मशीन बसवलं, फायनान्सवर टेम्पो घेतला, दोनशे जार आणले. मॅडमना सांगितलं, मेव्हण्याचा धंदा आहे, मी नुसता बघतो. दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटलं. दुसरं पाडलं, त्यातून नुसती माती आली. मग टँकर विकत घेऊन जार भरले आणि प्रत्येक जारामागे चार रुपये घरचे घालू लागलो. जालन्यात पाण्याच्या धंद्यात बुडालेला मी एकटाच असेन.

वसुलीवाल्यांचे फोन येऊ लागले. मी दिवसभर फोन बंद ठेवायचो. दुसऱ्यांचे नादारीचे अर्ज टाइप करताना माझीच बोटं अडखळायची. मॅडमना कळणार नाही असं मला वाटत होतं. वकिलाच्या मुन्श्याला आपण लई हुशार आहोत असं वाटतं, हा या धंद्यातला रोगच आहे.

एके दिवशी दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "दोन महिने झाले, तू चहा सांगून नाही राह्यला. मी सांगितला तरच पितो." आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. पेन ठेवलं. खुर्ची खिडकीकडे वळवली.

अकरा वर्षं मी त्या टेबलाच्या या बाजूला होतो. त्या दिवशी पक्षकाराच्या खुर्चीत बसलो तेव्हा कळलं की तिथून मॅडमची पाठ किती मोठी दिसते. मी लिहिलं. बँक, फायनान्स, जारवाला, टँकरवाला, मशीन दुरुस्त करणारा. समोरच्या झेरॉक्सवाल्याचे सातशेसुद्धा लिहिले. लिहिता लिहिता एकदा पेन ठेवून डोळे पुसले. त्या वळल्या नाहीत.

यादी वाचून त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता कागद परत येणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "टाइप कर. ठेवून दे." अर्ज आठवडाभर टेबलावर पडून राहिला. त्या सही करीनात आणि काही बोलेनात. हा आठवडा मला सगळ्या वसुलीवाल्यांपेक्षा जड गेला.

शेवटी मीच विचारलं. सरळ विचारलं नाही. म्हटलं, मॅडम, समजा एखाद्यानं अर्जाच्या आधी मोटारसायकल विकून घरच्या कुणाचे पैसे गुपचूप फेडले आणि त्याचं नाव अर्जात घातलंच नाही, तर?

"तर कोर्ट ते पैसे परत मागवील," मॅडम म्हणाल्या. "कोर्टानं वसुलीला नेमलेला रिसीव्हर बहिणीच्या दारात जाऊन उभा राहील."

बहीण हा शब्द मी उच्चारला नव्हता.

माझी मोठी बहीण, अक्का, जाफराबादजवळच्या एका खेड्यात अंगणवाडीत सेविका आहे. टेम्पोच्या वेळी तिनं मला एक लाख ऐंशी हजार दिले होते. ना चिठ्ठी, ना चपाटी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आता तुम्हीच सांगा, अशा बहिणीचं नाव कोर्टाच्या कागदावर घेणेकरी म्हणून कसं घालायचं? गावात काय तोंड दाखवायचं? लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीला कोर्टात ओढली. मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी पर्स उचलली. म्हणाल्या, "साडेनऊची एसटी हाय उद्या."

एप्रिलचं ऊन होतं. जाफराबादहून पुढं जीपनं गेलो. अक्काच्या घरावर पत्रे. आत बसलो तर डोक्यावर तवा धरल्यासारखं होत होतं. अक्कानं पाणी दिलं, भाकरी टाकली, कैरीचं लोणचं वाढलं. मॅडमनी दोनदा लोणचं मागून घेतलं. मी भाकरी नुसतीच मोडत होतो. जेवण झालं आणि मॅडम खाटेवर सरकून भिंतीकडे तोंड करून बसल्या. अक्काला वाटलं, बाईंना डुलकी आली. मला मात्र कळलं.

मी सांगितलं. धंदा बुडाला, नादारीचा अर्ज करतोय, तुझे पैसे बुडाले, पण तुझं नाव मी कुठं घातलेलं नाही, तू काळजी करू नकोस.

अक्कानं ताटं गोळा केली. मग म्हणाली, "टँकरवाल्याचं नाव घातलं?"

"घातलं."

"झेराक्सवाल्याचं?"

"त्याचे सातशेच हायेत, अक्का."

"घातलं का न्हाई?"

"घातलं."

"म्हंजे त्याचे सातशे, ते पैसे हायेत," अक्का म्हणाली, "अन् माझे न्हाईत."

ती हे चिडून बोलली नाही. ती अगदी साध्या आवाजात बोलली. तिनं कोनाड्यातून पासबुक काढून आणलं आणि माझ्यापुढं उघडलं. एक लाख ऐंशी हजार काढल्याची ओळ होती आणि त्या ओळीपुढं पेन्सिलीनं बारीक अक्षरात तिनं लिहून ठेवलं होतं, स्लॅब. त्या पैशानं ती घरावर स्लॅब टाकणार होती. मी वर पत्र्याकडे बघितलं. टेम्पो घेतला तेव्हा हे मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. मी तिची अब्रू झाकतोय असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तिचे पैसे मी कधी देण्यात धरलेच नव्हते. बहिणीचे पैसे म्हणजे आपलेच, असं आपण सगळे धरून चालतो, खोटं असेल तर सांगा.

मग मॅडम भिंतीकडून वळल्या. अक्काला त्यांनी असं समजावलं की मी अकरा वर्षांत तसं ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, पैसे पुरे मिळतील असं मी म्हणत नाही, थोडेच मिळतील. पण यादीत नाव आलं की वाटणीच्या वेळी तुम्ही अन् बँक एका ओळीत.

"बँकेच्या बराबरीनं?" अक्कानं विचारलं.

"बिलकुल बराबरीनं. रुपयाला बँकेला जेवढे पैसे, तेवढेच तुम्हाला."

अक्का जरा ताठ बसली. म्हणाली, "मंग माझं नाव पुरं लिव्हा. ह्याची बहीण म्हणून नका लिव्हू. पासबुकावर हाय तसं लिव्हा."

मॅडमनी तिथंच तिच्यासमोर, माझ्या यादीत, बँकेच्या खाली तिचं नाव पासबुकात बघून अक्षर न् अक्षर लिहिलं. मी त्या बाईंची हुशारी रोज बघत होतो, पण त्या दिवशी मात्र मला त्यांची भीतीच वाटली, मोठ्या डोहाच्या काठी उभं राहिल्यावर वाटते तशी. एक शब्द न बोलता, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी माझ्या तोंडून आणि अक्काच्या तोंडून ते बाहेर काढलं होतं, जे आम्ही भावा-बहिणीनं जन्मभर बोललो नसतो.

निघताना अक्कानं लोणच्याची बरणी त्यांच्या हातात दिली. मॅडम म्हणाल्या, "बरणी परत करीन बरं का." परतीच्या एसटीत माझ्याशी एवढंच बोलल्या, "सुटका झाल्यावर तुझ्या कमाईतून अक्काला द्यायला तुला कोणी अडवीत न्हाई. तव्हा देशील का न्हाई, हे कोर्ट विचारणार न्हाई. मी विचारीन."

अर्ज मंजूर व्हायला आणि त्यानंतर सुटका व्हायला मिळून चार वर्षं गेली. मशीन, टेम्पो, जार विकले गेले. वाटणीत अक्काला अकरा हजारांच्या आसपास आले, तिच्या नावाचा चेक. तो वटवायच्या आधी तिनं त्याचा फोटो काढून मला पाठवला. सुटका झाल्यापासून मी तिला दर महिन्याला काही ना काही पाठवतो. आणि मॅडम दर महिन्याच्या पाच तारखेला खिडकीकडे बघत विचारायच्या, "गेले का?" मी म्हणायचो, गेले. दोन वर्षांपूर्वी तिनं घरावर स्लॅब टाकला. एका खोलीवरच, पण टाकला.

गेल्या हिवाळ्यात मॅडम आजारी पडल्या. ऑफिस बंद झालं. मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायचो, पेपर वाचून दाखवायचो. एके दिवशी त्यांनी माझ्याकडे कागद आणि पेन मागितलं. मी दिलं. पाठीशी उशी लावली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली.

मी खुर्ची खिडकीकडे वळवली. बाहेर शेजाऱ्याची टाकी भरून वाहत होती. मागे पेनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मला वळून बघावंसं इतकं वाटलं की मी खुर्चीचे हात धरून ठेवले. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "झालं. मी गेल्यावर वाच."

त्यानंतर बारा दिवसांनी त्या गेल्या. स्मशानात जाफराबादेपासून मंठ्यापर्यंतची माणसं आली होती. एकमेकांना कोणी ओळखत नव्हतं आणि प्रत्येक जण जरा बाजूला उभा होता. त्या न्हाव्याला मी ओळखलं. त्यानं माझ्या कल्ल्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

घरी येऊन कागद उघडला. मॅडमनी स्वतःची यादी केली होती. देणी सगळी बारीकसारीक. दूधवाल्याचे नऊ दिवस, बार लायब्ररीचं एक पुस्तक, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून घेतलेली शाल. माझं नाव होतं, त्यापुढे लिहिलं होतं, 'कटिंग'. मी हसलो आणि पुढं वाचत गेलो. शेवटच्या ओळीत अक्काचं नाव होतं. पुरं नाव, पासबुकावर आहे तसं. त्यापुढे, 'बरणी एक. रिकामी देऊ नये.'

बरणी त्यांच्या ओट्याखाली धुऊन पुसून ठेवलेली होती. मी तिच्यात साखर भरली आणि साडेनऊची एसटी धरली.

अक्का स्लॅबच्या खोलीत बसली होती. मी तिच्यापुढे बरणी ठेवली आणि कागद दिला. ती बोट ठेवून एकेक नाव वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आली. तिथं तिचं बोट थांबलं. मला तिचा श्वास बदललेला ऐकू आला.

मी दाराकडे तोंड करून बसलो.